‘उन आगिला’ की ‘उना आगिला’?

प्रश्न : स्पॅनिशमध्ये ‘एक’ या अर्थी पुल्लिंगी नामाआधी ‘उन’ आणि स्त्रीलिंगी नामाआधी ‘उना’, इथवर समजलं. ‘आगिला’ म्हणजे गरुड, आणि कोशात तो स्त्रीलिंगी दिलाय. पण एका वाक्यात ‘उन आगिला ब्लांका’ (एक पांढरा गरुड) दिसलं. ‘उन’ पुल्लिंगी आणि विशेषण स्त्रीलिंगी? छपाईची चूक का ही?

प्रतिसाद : चूक नाही. आगिला स्त्रीलिंगीच, म्हणून तर ‘ब्लांका’. स्त्रीलिंगी नामाच्या सुरुवातीच्या ‘आ’वर आघात असेल, तर त्याला अगदी लागून येणाऱ्या ‘उना’चं ‘उन’ होतं आणि ‘ला’चं ‘एल’ (इंग्रजी ‘the’च्या जागी स्त्रीलिंगी नामाआधी ‘ला’ येतं, पुल्लिंगी नामाआधी ‘एल’). पाण्याला ‘एल आग्वा’ म्हणतात ते यामुळेच. हा ‘एल’ पुल्लिंगी दिसतो, पण मुळात नाही. लॅटिन ‘इल्ला’वरून जुन्या स्पॅनिशमध्ये ‘एला’ आलं, त्याचा शेवटचा ‘आ’ पुढच्या ‘आ’त विरला आणि ‘एल’ उरला. आपल्याकडे सवर्णदीर्घ संधी झाली असती, तिथे एक स्वर सरळ गळाला.

मध्ये दुसरा शब्द आला की सगळं पूर्ववत : ‘उन आउला’ (वर्गखोली), पण ‘उना बुएना आउला’ (एक चांगली वर्गखोली). अनेकवचनातही ‘उनास आगिलास’. ‘आमीगा’त (मैत्रीण) आघात ‘मी’वर आहे, म्हणून ‘उना आमीगा’च. ‘उना आगिला’ कुणी म्हटलं तर स्पॅनिश अकादमी ते चूक मानत नाही, ‘उन’ जास्त रूढ आहे इतकंच. ‘ला आगिला’ मात्र चालत नाही. आणि ‘हे पाणी’ म्हणजे ‘एस्ता आग्वा’. ‘एस्ते आग्वा’ ही खुद्द स्पॅनिशभाषकांची नेहमीची चूक आहे.

प्रश्न : मग लिंग ओळखायचं कसं? ‘आ’कारान्त शब्द मला पुल्लिंगीच वाटतात.

प्रतिसाद : मराठी कानाचं ते दुखणंच आहे. घोडा, आंबा, रस्ता ऐकत वाढल्यावर ‘कासा’ (घर), ‘मेसा’ (टेबल) पुल्लिंगी वाटणारच. तिकडे साधारणपणे ‘ओ’ पुल्लिंगी, ‘आ’ स्त्रीलिंगी. ‘प्रोब्लेमा’, ‘सिस्तेमा’, ‘इदिओमा’ हे ग्रीकमधून आलेले ‘मा’कारान्त शब्द आणि ‘दिआ’, ‘मापा’ पुल्लिंगी आहेत. उलट ‘मानो’ (हात) स्त्रीलिंगी. ‘फोतो’ही स्त्रीलिंगी, कारण पूर्ण शब्द ‘फोतोग्राफिआ’.

बाकी मराठी माणसाला तक्रारीला फारशी जागा नाही. पुरुषाबद्दल बोलतानाही आपण ‘ती व्यक्ती’ म्हणतो, तशीच ‘उना पेर्सोना’. जेवायची वेळ होते आणि माझा वेळ जातो. तसं ‘ला कापिताल’ म्हणजे राजधानी आणि ‘एल कापिताल’ म्हणजे भांडवल. ‘एल कोमेता’ धूमकेतू, ‘ला कोमेता’ पतंग.

आणखी एक प्रतिसाद : लिंगाचं ठीक आहे हो, पण आपली माणसं खरी घसरतात ती ‘उन’ नको तिथे घालून. ‘मी डॉक्टर आहे’ याचं सरळ ‘सोय मेदिको’. इंग्रजीच्या सवयीने ‘सोय उन मेदिको’ होतं. मराठीत आपण ‘मी एक डॉक्टर आहे’ म्हणत नाही (हल्ली भाषणांत म्हणतात, ते सोडा). विशेषण जोडलं की ‘उन’ येतो : ‘एस उन मेदिको एक्सेलेन्ते’. गंमत पुढे आहे. ‘एस पायासो’ म्हणजे तो पेशाने विदूषक आहे. ‘एस उन पायासो’ म्हटलं तर बहुतेक वेळा त्याची टवाळी चाललेली असते.

‘ओत्रो’आधीही ‘उन’ लागत नाही. आणखी एक कॉफी हवी तर नुसतं ‘ओत्रो काफे’. ‘मेदिओ किलो’ (अर्धा किलो), ‘सिएन’ (शंभर), ‘मिल’ (हजार) यांचंही तेच.

प्रश्नकर्ता : आणि ‘उनोस बेइन्ते’? ‘एक’चं अनेकवचन करून पुढे वीस?

प्रतिसाद : वीसेक. आपणही आकड्याला ‘एक’च जोडतो, फक्त मागून.