मदत हवी आहे : नव्या शहरात ताजी भाजी, फळं, किराणा कुठून घ्यायचा हे कसं ठरवता?

ओंजळ :
नमस्कार मंडळी, नोकरीमुळे नव्या शहरात राहायला आलोय, घरात आम्ही दोघं, सासूबाई आणि लहान लेक. इथे ओळखीचं कुणीच नाही त्यामुळे "त्या अमक्याकडे जा, त्याचा माल चांगला असतो" असं सांगणारंही कुणी नाही. शहराचं नाव मुद्दाम देत नाहीये, कारण दुकानांची यादी नकोय मला, ती आज कुणी दिली तरी काही महिन्यांत बदलते. मला हे शिकायचंय की अनोळखी ठिकाणी गेल्यावर तुम्ही चांगला भाजीवाला, चांगलं किराणा दुकान ओळखता कसं.

आत्ताची परिस्थिती अशी की घराजवळ एक मोठं सुपरमार्केट आहे, स्वच्छ आहे, सगळं एका छताखाली मिळतं, पण पालेभाजी आणली की दुसऱ्या दिवशी पिवळी पडायला लागते. थोडं लांब रोजचा भाजीबाजार आहे आणि आठवड्यातून एकदा शेतकरी बाजार भरतो असं ऐकलंय. अ‍ॅपवरनंही मागवता येतं. दोघंही संध्याकाळी उशिरा घरी येतो, निवांत वेळ फक्त सुट्टीच्या दिवशी. सासूबाईंना ताजं आणि साधं जेवण लागतं, लेकीला फळं आवडतात, आणि नवऱ्याला मासे. सगळं एकाच ठिकाणाहून घ्यावं का वेगवेगळ्या? आणि लांबच्या बाजारात जायचा खटाटोप कशासाठी करावा, कशासाठी नाही? प्लीज सविस्तर सांगा.

रानवाट :
ओंजळताई, माझं घर शेतीतलं, भाजी काढून बाजारात नेऊन विकलेली आहे म्हणून विकणाऱ्याच्या बाजूनं सांगतो. दुकान कुठलं यापेक्षा माल शेतातून निघून किती वेळ झाला आणि मधे किती हात लागले ते बघायचं. सुपरमार्केटचा माल बऱ्याचदा आधी एका ठिकाणी गोळा होतो, मग गोदामात जातो, तिथून दुकानात, त्यामुळे शेल्फवर लागेपर्यंतच पालेभाजीचं निम्मं आयुष्य संपलेलं असू शकतं, तुमची भाजी पिवळी पडते त्याचं कारण बहुतेक हेच.

शेतकरी बाजारात गेलात की आधी एक चक्कर नुसती मारा, काही घेऊ नका. एका शेतकऱ्याकडे एका वेळी थोडेच प्रकार निघतात, ते सुद्धा त्या हंगामातले, आणि लहानमोठं वाकडंतिकडं सगळं असतं. ज्याच्या टेबलावर तिन्ही ऋतूंतला माल एकदम आहे आणि सगळा एका मापाचा आहे तो घाऊक बाजारातून आणून विकतोय. त्यात गैर काही नाही, तोही पोटासाठीच करतो, फक्त तोच माल तुम्हाला घराजवळ मिळत असेल तर एवढ्या लांब जायचं कारण राहत नाही. दुसरं म्हणजे बोला. "काढणी कधी केली", "पुढच्या आठवड्यात काय येईल" एवढं विचारलं तरी पुरतं. स्वतः पिकवणारा माणूस लगेच खुलतो, पाऊस कसा झाला, कीड कुठली पडली, कुठला प्लॉट आता संपत आलाय सगळं सांगतो. औषधं कुठली मारली आणि शेवटची फवारणी काढणीच्या किती दिवस आधी केली हेही विचारा, हा प्रश्न विचारायला लाजू नका, औषधाच्या लेबलवर फवारणी आणि काढणीमधे किती दिवस ठेवायचे ते दिलेलं असतं आणि नीट शेती करणाऱ्याला ते पाठ असतं.

आणि देठ बघा. कापलेली जागा ओलसर असेल तर भाजी ताजी, सुकून तपकिरी झाली असेल तर शिळी. पानं मलूल आणि देठ मात्र करकरीत नवा कापलेला दिसला तर वरून परत छाटलाय असं समजा. जुडी घेताना आतून उघडून बघाच, पाणी मारल्यामुळे बाहेरून टवटवीत दिसते आणि मधे सडायला लागलेली असते.

तिन्हीसांज :
रानवाट यांना पूर्ण अनुमोदन. मी अन्नतंत्रज्ञानात काम करते म्हणून "कशासाठी लांब जायचं" या प्रश्नाबद्दल लिहिते, कारण माझ्या मते सगळी गोम तिथंच आहे.

भाजी तोडली तरी ती जिवंत असते, श्वास घेत असते, आणि तापमान साधारण १० अंश सेल्सिअसने वाढलं की हा वेग दुप्पट-तिप्पट होतो. साठवलेलं अन्न ती स्वतःच संपवत जाते. पालेभाज्या, मटार, मक्याची कणसं, ब्रोकोली, मशरूम यांचा वेग जास्त. मटार आणि मक्यात तर तोडल्यापासून साखरेचा स्टार्च व्हायला लागतो, म्हणून सकाळी तोडलेलं कणीस गोड लागतं आणि तेच उबेत दोन दिवस पडलं की पिठूळ. याउलट बटाटे, कांदे, लसूण, लाल भोपळा, गाजर यांचा वेग कमी, हे कुठूनही घ्या, फारसा फरक पडत नाही.

फळांचं गणित वेगळं आहे आणि लेकीसाठी हे नक्की लक्षात ठेव. केळी, आंबा, पेरू, नासपती, टोमॅटो ही तोडल्यावरही पिकतात, म्हणून लांबून कच्ची आणता येतात. द्राक्षं, स्ट्रॉबेरी, संत्री, मोसंबी, अननस, चेरी ही तोडल्यावर आणखी गोड होत नाहीत, जेवढी गोडी झाडावर आली तेवढीच. प्रवासात टिकावीत म्हणून ती लवकर तोडली तर घरी कितीही ठेवली तरी आंबटच राहतात. त्यामुळे या दुसऱ्या गटातली जी फळं तुमच्या आसपास पिकतात ती शेतकऱ्याकडून हंगामात घ्यायची. सफरचंदं ऑक्सिजन कमी केलेल्या थंड गोदामात महिनोन्‌महिने ठेवतात, ते सुरक्षित असतं, घाबरायचं कारण नाही, फक्त हंगामाबाहेर दिसलेलं सफरचंद "नुकतंच तोडलंय" असं कुणी म्हणालं तर विश्वास ठेवू नका.

घरी आणल्यावर सफरचंद, केळी, टोमॅटो पालेभाजीजवळ ठेवू नका. त्यातून इथिलीन वायू निघतो आणि त्यानं पानं लवकर पिवळी पडतात. तुझ्या फ्रिजमधे हे शेजारी शेजारी असतात का बघ, सगळा दोष दुकानाचा नसेलही.

ओंजळ :
बापरे, तिन्हीसांज, सफरचंदं आणि पालक एकाच कप्प्यात असतात आमच्याकडे! आजच वेगळं करते. रानवाटदादा, फवारणीचं विचारायचं माझ्या डोक्यातच आलं नसतं, खूप आभार. मासे आणि किराण्याबद्दल कुणी सांगेल का? आणि अ‍ॅपबद्दल?

दिवेलागण :
मी थोडं वेगळं मत मांडतो, राग नसावा. जवळचं, स्थानिक म्हणजे ताजंच असं धरून चालू नका. पहाटे तोडलेली पालेभाजी भर उन्हात ताडपत्रीवर दुपारपर्यंत पडली तर तिची अवस्था थंड गाडीतून आलेल्या भाजीपेक्षा वाईट होते. वर तिन्हीसांज यांनी तापमानाचं सांगितलंय ते इथेही लागू आहे. त्यामुळे बाजार कुठला याच्याइतकंच तिथे किती वाजता जाता हेही महत्त्वाचं. सुट्टीच्या दिवशी सकाळी लवकर जा, आणि सावलीत, ओल्या गोणपाटाखाली माल ठेवणारा विक्रेता दिसला तर त्याच्याकडेच जा, त्याला मालाची काळजी आहे.

आम्हीही दोघं नोकरी करणारे. आमच्याकडे पालेभाज्या, मशरूम वगैरे सुट्टीनंतरच्या पहिल्या दोन दिवसांत संपतात, मग फ्लॉवर, वांगी, शेंगा, आणि आठवड्याच्या शेवटाला गाजर, कोबी, भोपळा, बटाटा. खरेदी करतानाच या क्रमानं पिशवीत घेतो त्यामुळे फेकावं लागत नाही. फ्रोझन मटारला नाकं मुरडू नका, ते तोडल्यावर थोड्याच वेळात गरम पाण्यातून काढून गोठवतात, दोन-चार दिवस फिरून आलेल्या शेंगांपेक्षा चव आणि जीवनसत्त्वं दोन्ही बाबतीत कमी पडत नाहीत.

अ‍ॅपवर मी डोळ्यांनी निवडायची गरज नसते तेवढंच मागवतो, म्हणजे पाकिटबंद वस्तू, कांदे-बटाटे. पालेभाजी, पिकलेली फळं, मासे नाही. मागवलंच तर डिलिव्हरी आली की दारातच उघडून बघा आणि खराब निघालं तर लगेच फोटो काढून तक्रार टाका, दुसऱ्या दिवशी कुणी ऐकत नाही.

रानवाट :
दिवेलागण, राग कशाचा, बरोबरच बोललात. आम्ही स्वतः पालेभाजी ऊन चढायच्या आत काढायचो ती याचसाठी. फक्त एक भर घालतो, उन्हात बसलेल्या शेतकऱ्याकडेही टणक माल बिनधास्त घ्या. भोपळा, कांदा, सुरण यांना दोन तासांच्या उन्हानं काही होत नाही. बटाट्याचं मात्र बघून घ्या, उजेडात राहून हिरवा पडलेला बटाटा घेऊ नका, त्यात सोलानिन नावाचं विषारी द्रव्य वाढतं आणि ते शिजवून जात नाही.

खाडीकाठ :
माशांचं मी सांगते ताई, लहानपणापासून बाजार बघितलाय. डोळे फुगीर आणि स्वच्छ हवेत, आत गेलेले, दुधाळ झालेले नकोत. कल्ला उचलून दाखवायला सांगा, लालभडक असला पाहिजे, तपकिरी पडला असेल तर सोडून द्या. बोटानं दाबलं की मांस परत वर आलं पाहिजे. वासाला समुद्राचा वास असतो, नाकात चढणारा अमोनियासारखा वास आला की घेऊ नका, कितीही स्वस्त देत असला तरी. पण या सगळ्याच्या आधी बर्फ बघा. मासा बर्फात पुरलेला हवा, नुसता बर्फाच्या वर मांडून ठेवलेला नको, आणि वितळलेलं पाणी निघून जायला वाट हवी. कापलेले तुकडे घेण्यापेक्षा अख्खा मासा निवडा आणि समोर कापून घ्या, कारण तुकड्यात डोळेही दिसत नाहीत आणि कल्लाही.

नवरोबांना सांगा एकच मासा मनात धरून जाऊ नका, आज काय चांगलं आलंय ते विकणारीला विचारायचं. सारखं जात राहिलात की ती स्वतःच सांगते "आज हे नको, उद्या या". अशी एक कोळीण किंवा मासेवाला मिळाला की दुसरं कुठे जायची गरज नाही. आणि मासे, चिकन सगळी खरेदी झाल्यावर शेवटी घ्या, थंड पिशवीत टाका आणि सरळ घरी. ५ ते ६० अंश सेल्सिअसच्या मधे जंतू झपाट्यानं वाढतात. घरात वयस्कर माणूस आणि लहान मूल आहे म्हणून हे जास्त जपा.

पारिजात :
किराण्यासाठी मी दुकानाची गिऱ्हाइकी बघते. ज्या दुकानात दिवसभर गर्दी असते तिथे पोती लवकर संपतात, नवीन माल येत राहतो. रिकाम्या दुकानातलं धान्य किती दिवसांचं असेल सांगता येत नाही. पहिल्यांदा जाताना थोडंसंच घ्यायचं, एक डाळ, थोडे तांदूळ, थोडे शेंगदाणे. शेंगदाणे आधी खाऊन बघा, खवट लागले तर त्या दुकानात सगळाच माल जास्त दिवस पडून राहतो असं समजायला हरकत नाही.

पीठ कमी कमी आणा, धान्य जास्त आणलं तरी चालेल. अख्ख्या दाण्यातलं तेल सालीच्या आत सुरक्षित असतं, दळलं की हवा लागते आणि खवटपणा सुरू होतो. मसाल्याचंही तसंच, अख्खे घ्या आणि लागतील तसे कुटा, वास कितीतरी जास्त टिकतो. पाकिटावर किलोमागे काय भाव पडतो तेवढंच बघायचं, मोठं पाकीट दर वेळी स्वस्त पडतंच असं नाही. तारखा बघताना "अमुक तारखेपर्यंत उत्तम" आणि "अमुक तारखेपर्यंत वापरा" यात फरक आहे, पहिली चवीबद्दल असते आणि दुसरी सुरक्षिततेबद्दल, दुसरी उलटून गेली की टाकून द्यायचं. दूध, दही घेताना मागच्या रांगेतलं काढा, दुकानदार जुनी तारीख पुढे लावतात, तो त्यांच्या कामाचा भागच आहे.

ओंजळ :
इतकं सविस्तर मिळेल असं वाटलं नव्हतं, मनापासून आभार सगळ्यांचे. सासूबाईंना वाचून दाखवलं, त्यांना खाडीकाठताईंचं लिखाण फार आवडलं, त्या स्वतः येते म्हणाल्या मासे निवडायला. आता असं ठरवतेय : पालेभाज्या, कणसं आणि जवळपास पिकणारी फळं सुट्टीच्या दिवशी सकाळी शेतकरी बाजारातून, त्याच फेरीत शेवटी मासे, कांदे-बटाटे आणि पाकिटबंद वस्तू सुपरमार्केट किंवा अ‍ॅपवरून, आणि किराण्याला दोन-तीन दुकानांत थोडं थोडं घेऊन बघायचं.

एकच शेवटचं विचारते. इथे एक शेतकरी गट दर आठवड्याला भाजीची पेटी घरी देतो, पैसे पूर्ण हंगामाचे आधी भरायचे. घ्यावं का?

तिन्हीसांज :
पद्धत म्हणून चांगली आहे. जपानमधे १९७० च्या दशकात ग्राहक आणि शेतकरी यांनी थेट करार करून "तेइकेइ" नावानं असं सुरू केलं, अमेरिकेत १९८६ पासून याच धर्तीच्या शेत-सदस्यता सुरू झाल्या. शेतकऱ्याला पेरणीच्या आधी पैसे मिळतात, कर्ज काढावं लागत नाही. पण त्याबरोबर जोखीमही वाटून घ्यायची असते, गारपीट झाली तर त्या आठवड्याची पेटी अर्धी येईल आणि त्याबद्दल पैसे परत मागता येत नाहीत. हे मनापासून मान्य असेल तरच घे.

रानवाट :
मी तर म्हणेन घ्या, पण आधी महिनाभराचं देतात का विचारा, आणि सगळ्यात लहान पेटी घ्या. काढणी कुठल्या दिवशी होते आणि पेटी कधी पोचते ते विचारा, आदल्या संध्याकाळी किंवा त्याच पहाटे काढत असतील तर उत्तम. गावाला गेलात तर एखादा आठवडा थांबवता येतो का, आणि पेटी दारात ठेवणार की हातात देणार हेही पक्कं करा, कारण तुम्ही दोघं दिवसभर बाहेर. सासूबाई घरी असतील त्या वेळेत आली तर भाजी लगेच आत जाईल. आणि शक्य असेल तर एकदा त्यांच्या शेतावर जाऊन या लेकीला घेऊन, चांगला गट असेल तर नाही म्हणणार नाहीत.