सुपरनॅचरलचा शेवट पटला का? : आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर

ए-४०१ : काल रात्री सुपरनॅचरलचा १५ वा, म्हणजे शेवटचा सीझन संपवला. झोपच नाही लागली. ज्यांची बघायची राहिली त्यांनी पुढचं वाचू नका, पण मला बोलायचंच आहे. डीन १५ वर्षं सैतानाशी लढला, मृत्यूशी लढला, खुद्द देवाशी लढला. आणि शेवटी एका कोठारात साध्या व्हॅम्पायरशी मारामारी करताना खांबातून निघालेली सळई पाठीत घुसून मेला. काऊन असं केलं त्यांनी?

सी-१०३ : मलाही नाही पटलं. आणि कॅस्टिएल, तो त्यांच्या सोबतचा देवदूत? १८ व्या भागात जीव तोडून डीनला प्रेम सांगतो, त्या क्षणी काळोख त्याला गिळतो. शेवटच्या भागात नुसता नावाचा उल्लेख. इतक्या वर्षांच्या माणसाला असं निरोप देतात का?

बी-१०२ : कोणती मालिका बाप्पा ही? मी तर कोकणातल्या भुतांच्याच पाहिल्या.

ए-४०१ : काकू, अमेरिकन आहे. सॅम आणि डीन विंचेस्टर, सख्खे भाऊ. आईला लहानपणीच राक्षसाने मारलं, बापाने दोघांना भूतखेतं मारायला शिकवलं. काळी १९६७ ची शेवरोले इम्पाला घेऊन गावोगाव फिरतात. १३ सप्टेंबर २००५ ला सुरू झाली, १९ नोव्हेंबर २०२० ला संपली. ३२७ भाग.

बी-१०२ : भूत कसं घालवतात ते?

ए-४०१ : दार-खिडकीशी मिठाची रेघ ओढतात. लोखंड वापरतात. ज्याचं भूत असेल त्याची हाडं शोधून मीठ टाकून जाळतात.

बी-१०२ : मीठ-मोहरीने तर आपण दृष्ट काढतोच. आणि लोखंडाचं म्हणशील तर माझ्या सासूबाई बाळंतिणीच्या उशाशी विळा ठेवत. म्हणजे तिकडेही तेच आहे म्हणायचं.

बी-३०४ : मी ही मालिका माझ्या धाकट्या भावाबरोबर पाहिली, म्हणून जरा लांब लिहून राहिले. चालवून घ्या.

आधी एक गोष्ट. शेवटच्या सीझनचे १३ भाग मार्च २०२० पर्यंत दाखवून झाले होते. मालिका मे महिन्यात संपायची होती. शेवटच्या दोन भागांचं शूटिंग बाकी असताना कोरोनामुळे व्हँकुव्हरला काम बंद पडलं. ऑगस्टमध्ये परत कॅमेरा लागला, १० सप्टेंबरला शेवटचं शूटिंग झालं आणि उरलेले ७ भाग ८ ऑक्टोबरपासून आले. मेल्यावर डीनला स्वर्गात जुनी सगळी मंडळी भेटणार असं आधी ठरलं होतं, पण गर्दी जमवणं शक्यच नव्हतं. म्हणून बॉबी, या भावांना बापासारखा असलेला म्हातारा, एकटा ओसरीवर बसलेला दिसतो. कॅस्टिएलबद्दल सी-१०३ शी मी सहमत आहे. त्याला एकदा तरी समोर आणायला हवं होतं. तो सल माझाही गेला नाही.

सचिव : सूचना. उद्या सकाळी १० ते १२ टाकी धुणार आहेत. सर्वांनी पाणी भरून ठेवावे.

बी-१०२ : ठेवते. पण देवाशी लढणं म्हणजे? देवालाच वाईट दाखवलं का?

ए-२०२ : वहिनी, जनाबाईने विठोबाला शिव्या घातल्याच आहेत की. नामदेवही भांडला. आपल्याला हे नवं नाही.

बी-३०४ : काका, जनाबाईचं भांडण हक्काचं आहे, घरातलं आहे. विठोबा तिच्यासोबत दळायला बसतो. इथला देव, त्याचं नाव चक, तो लेखक आहे. चौथ्या सीझनमध्ये पहिल्यांदा येतो तोच मुळी या दोन भावांच्या कादंबऱ्या लिहिणारा म्हणून. शेवटच्या सीझनमध्ये भावांना कळतं की आपली सगळी दुःखं याने रंगत यावी म्हणून रचली. तो बघतो आणि मजा घेतो. १९ व्या भागात त्याची शक्ती जॅककडे जाते, म्हणजे सैतानाचा मुलगा, पण या भावांनीच सांभाळलेला. मग ते त्याला मारत नाहीत. आता म्हातारा होशील, मरशील, कोणाला आठवणारही नाहीस, असं सांगून तिथेच सोडून निघून जातात.

ए-४०१, म्हणूनच मला सळई पटते. लिहिणारा गेला. आता डीनला कोणी मोठं मरण लिहून देणार नव्हतं. लाइनमन ३० वर्षं खांबावर चढतो आणि एक दिवस पाय घसरतो, तसं ते आहे. ज्याचं जे काम, त्यातलीच जोखीम. दोन लहान मुलांना सोडवायला गेला होता आणि ती वाचली.

ए-४०१ : हे मी लक्षातच घेतलं नव्हतं. पण ताई, तो किती वेळ बोलतो खांबाला टेकून! तेवढ्यात अँब्युलन्स आली असती.

बी-३०४ : सॅम फोन करायला निघतोच, डीन त्याला थांबवतो. मग सॅमकडून एकच मागतो : ठीक आहे, तू जा, एवढं म्हण. सॅमच्या तोंडून ते लवकर निघत नाही, रडत रडत शेवटी म्हणतो. तो भाग मी पाहिला आणि टीव्ही बंद केला.

माझी आजी जायच्या वेळी ३ दिवस तशीच होती. डोळे मिटलेले, घशात घरघर. शेजारच्या मावशी म्हणाल्या, जीव कशात तरी अडकलाय. माझ्या बाबांनी तिच्या तोंडात चमचाभर पाणी घातलं, कानाशी वाकले आणि म्हणाले, आई, तू जा, धाकट्याचं मी बघतो. काका तेव्हा ५० वर्षांचे होते. तरी तिला ते ऐकायचं होतं. तासाभरात गेली.

पुढे सॅम म्हातारा होऊन पलंगावर पडलेला असतो आणि त्याचा मुलगा, ज्याचं नाव त्याने डीनच ठेवलंय, तेच त्याला म्हणतो. लोक त्या पांढऱ्या विगला नावं ठेवतात. मला विग दिसलाच नाही.

बी-१०२ : तुझ्या बाबांना मी पाहिलं आहे. असंच बोलले असतील.

सी-१०३ : ताई, भाऊ काय म्हणाला शेवट पाहून?

बी-३०४ : २०२० ची भाऊबीज १६ नोव्हेंबरला होती. त्याला येता आलं नाही, मी फोनसमोर ताट धरून ओवाळलं. शेवट आम्ही नंतर पाहिला, तो पुण्यात, मी इथे मनीषनगरला, फोन चालू ठेवून. तो काहीच बोलला नाही. इम्पालाच्या ॲशट्रेमध्ये सॅमने लहानपणी एक खेळण्यातला सैनिक खुपसलेला असतो, तो तिथेच राहतो, गाडीवर दोघांची अक्षरंही कोरलेली असतात. भावाने एवढंच विचारलं, बाबांची स्कूटर अजून आहे का? आहे म्हटलं. तर म्हणाला, सीट उचलून पाह्य.

खाली जाऊन पाहिलं. सीटच्या आतल्या पत्र्यावर कंपासच्या टोकाने दोन अक्षरं ओरबाडलेली. एक माझं, एक त्याचं. त्याचं उलटं लिहिलंय, तेव्हा तो पहिलीत असेल.

ए-४०१ : ती पार्किंगमधली निळी स्कूटर?

बी-३०४ : हो, तीच. म्हणून मी ती भंगारात देत नाही.

सचिव : जुन्या गाड्या हटवण्याच्या यादीत ती होती. काढून टाकतो.

ए-४०१ : मी आज रात्री तो कोठारातला भाग परत पाहतो.

बी-१०२ : मला पहिल्यापासून दाखव. आणि खाली मराठी अक्षरं येत नसतील तर शेजारी बसून सांगत जा.