एल्सेकरच्या कोळसाखाणीवरील इंजिनघराविषयी

प्रश्न (तासगाव):
माझा मुलगा इंग्लंडमधील यॉर्कशायर परगण्यात असतो. त्याने एल्सेकर येथील जुन्या कोळसाखाणीच्या इंजिनघराची छायाचित्रे पाठविली आहेत. इमारत अरुंद, उंच आणि दगडी असून वरच्या भागात भिंतीतून एक अवजड तुळई बाहेर आलेली आहे. खाणीतील पाणी उपसण्यासाठी हे इंजिन १७९५ मध्ये बसविले. आमच्या विहिरीत मात्र डिझेल इंजिन खाली कोनाड्यात उतरवावे लागे, कारण पाण्यापासून पंचवीस फुटांपेक्षा वर ठेवले की पंप पाणी ओढत नसे. मग खाणीच्या तोंडावरील इंजिन इतक्या खोलातून पाणी कसे काढत होते?

उत्तर (सांगली):
आपल्या अनुभवातच उत्तर आहे. हवेचा दाब पाण्याला फार तर चौतीस फूट वर चढवतो, प्रत्यक्षात त्याहूनही कमी. म्हणून तेथेही पंप खाली खाणीतच होते आणि इंजिन तेवढे वर होते. पंपांचे लांब दांडे तुळईच्या बाहेरच्या टोकाला टांगलेले असत, तर आतल्या टोकाला सिलिंडरमधील दट्ट्या. सिलिंडरमध्ये वाफ भरली की आत गार पाण्याचा फवारा सोडत. वाफ निवून पोकळी झाली की बाहेरची हवा दट्ट्याला खाली दाबे, तुळईचे दुसरे टोक वर उचलले जाई आणि दांड्यांबरोबर पाणी वर येई. जी हवा आपल्या पंपाला पंचवीस फुटांवर अडवते, तिलाच येथे कामाला लावले होते. तुळई सिलिंडरच्याही वर असल्याने इमारत उंच, आणि तिचा सारा भार समोरच्या भिंतीवर असल्याने ती भिंत जाड.

उत्तर (कराड):
या पद्धतीचे पहिले यशस्वी इंजिन टॉमस न्यूकमेन यांनी १७१२ मध्ये डडलीजवळच्या कोळसाखाणीवर उभारले. तापलेला सिलिंडर दर फेरीला गार करावा लागत असल्याने कोळसा अतोनात जळे. जेम्स वॉट यांनी १७६९ मध्ये वाफ वेगळ्या पात्रात निववण्याचे पेटंट घेतले, तरी सव्वीस वर्षांनी एल्सेकरला जुन्याच पद्धतीचे इंजिन बसले, कारण विकला न जाणारा बारीक कोळसा खाणीवर पडूनच असे. मला त्यात मागासलेपण नव्हे, चोख हिशेब दिसतो. ते १९२३ पर्यंत चालले. १९२८ मध्ये विजेचे पंप अपुरे पडल्यावर पुन्हा सुरू करावे लागले. मूळ जागी टिकलेले न्यूकमेन पद्धतीचे जगातील ते एकमेव इंजिन आहे.

प्रश्नकर्ता:
दोघांचाही आभारी आहे. समोरच्या भिंतीची जाडी मोजून घ्यायला मुलाला कळविले आहे. आमच्या विहिरीतील तेलाने काळवंडलेला कोनाडा अजून शाबूत आहे. त्याचेही छायाचित्र येथे देतो.