सल्ला हवा: इंग्लंडात जुनी माझदा आरएक्स-८ घ्यावी का?

कॉव्हेंट्रीकर: मंडळी, २००५ ची आरएक्स-८ मनात भरली आहे, पिस्टनऐवजी तिकोनी रोटर फिरणाऱ्या रोटरी इंजिनवाली. २३१ पीएसवाली, सहा गिअर, ७८ हजार मैल. मालक १८०० पौंड म्हणतोय. माझं बजेट दुरुस्तीसकट अडीच हजार, वर एक पेनी नाही. ऑफिसला ट्रेनने जातो, गाडी फक्त शनिवार-रविवारी. बघायला गेलो तर इंजिन आधीच गरम होतं. बंद करून दहा मिनिटांनी सेल मारला तर नुसती घरघर, बऱ्याच वेळाने लागली. मालक म्हणे बॅटरी उतरलीय. जाणकारांनी प्रकाश टाकावा.

बंडूनाना: लिटरला किती देते?

निशाचर: अडीच हजारात रोटरी? थोडं थांब, पैसे साठव आणि आरएक्स-७ घे, शेवटची ट्विन टर्बोवाली. माझ्या मित्राकडे आहे. किंमत विचारू नकोस.

डर्बीची_सून: नाना, लिटरला सात, तेही पाय हलका ठेवला तर.
कॉव्हेंट्रीकर, बॅटरीचं कारण मला पटत नाही. गरम इंजिनाला सेल मारत बसावं लागतं तेव्हा बहुतेक वेळा कॉम्प्रेशन (इंजिनातला दाब) गेलेलं असतं, एपेक्स सील म्हणजे रोटरच्या टोकांवरच्या पट्ट्या झिजलेल्या. रोटरीच्या खास टेस्टरने मोजून घ्या, प्रत्येक रोटरच्या तिन्ही बाजूंचे आकडे वेगवेगळे मागा. २५० आरपीएमच्या हिशेबाने ६.८ बारच्या खाली आला की इंजिन उघडायचं आलं, आणि ते तुमच्या बजेटात बसत नाही. आम्हाला विकणाऱ्याने जोरात फिरणारा स्टार्टर बसवून हेच झाकलं होतं.

मिसळसम्राट: ठिणगी देणाऱ्या कॉइल बदला हो! माझी गचके द्यायची. चारही कॉइल, प्लग, वायरी बदलल्या, आता लोण्यासारखी पळते.

डर्बीची_सून: गचके जातील, कॉम्प्रेशन कसं परत येईल? कॉइल मेलेली ठेवून पळवली तर धूर साफ करणारा कॅटॅलिटिक बाद होतो, एवढं मात्र खरं.

जुनाजाणता: १३०० सीसीत २३१ घोडे! ज्यांनी १९९१ साली ले मान्सच्या २४ तासांच्या शर्यतीत माझदाची रोटरी ७८७बी जिंकताना पाहिली त्यांनाच कळेल.

बंडूनाना: १३०० कसले! जपानात करासाठी दीडपट धरतात.

जुनाजाणता: नाना, तुम्ही आयुष्यभर डिझेलच चालवलीत.

निशाचर: अवांतर पुरे. २३ मार्च २००६ नंतर नोंदलेली असती तर रोड टॅक्सनेच मेला असतास, ही त्याआधीची आहे म्हणून वाचलास. मागच्या चाकांवरच्या कमानी आणि दारांखालच्या पट्ट्या गंजल्यात का बघ. आणि आरएक्स-७ चा विचार कर.

मिसळसम्राट: कॉइल.

डर्बीची_सून: अजून दोन गोष्टी. ही तेल पिणारच, तेल मुद्दामच चेंबरमध्ये सोडतात. दर दुसऱ्या टाकीला डिपस्टिक बघायची. आणि थंड गाडी दोन हात पुढे घेऊन लगेच बंद करायची नाही, पेट्रोल तुंबतं. तुंबलंच तर अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून सेल मारा, इंजेक्टर बंद राहतात.

कॉव्हेंट्रीकर: मोजून आणलं. पुढचा रोटर ७.१ च्या आसपास, मागचा ५.९. रिपोर्ट दाखवल्यावर मालक ९०० वर आला. घेतली.

डर्बीची_सून: अहो!

निशाचर: मग आम्हाला विचारलंस कशाला?

कॉव्हेंट्रीकर: ते मागचे उलटे उघडणारे दरवाजे बघितले आणि राहवलं नाही. थंड असताना एका सेलमध्ये लागते, तोवर फिरवतो. इंजिनाचं पुढच्या वर्षी. काल पेट्रोल पंपावर गरम बंद केली ती लागलीच नाही, अजून तिथेच आहे. वुल्व्हरहॅम्प्टनच्या बाजूला कोणाच्या ओळखीत टोवाला आहे का?