पंधरा वर्षं झालेल्या गाडीचं री-पासिंग: जाणकारांनी लिहावं

री-पासिंग म्हणजे नोंदणीचं नूतनीकरण. २०१०-११ साली नोंदलेल्या गाड्यांची मुदत आता संपत आलीय. मराठवाड्यातले एमएच २० ते २६, हिंगोलीचा ३८, अंबाजोगाईचा ४४, सगळीकडून तेच प्रश्न येतात. इथं ज्यांचं रोजचं काम या गाड्यांशी आहे त्यांनी लिहावं, ही विनंती. ‘माझी गाडी कशी अडली’ हे नको. आरटीओचा निरीक्षक काय बघतो, कुठं अडतं, का अडतं आणि त्यावर काय करायचं, एवढंच लिहा.

कागदपत्रांचं काम करणारा, लातूर

आधी आरसीवरची (नोंदणीपत्रावरची) तारीख बघा. खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते आणि नूतनीकरण पाच-पाच वर्षांचं. अर्ज नमुना २५ मध्ये करायचा. मुदत संपायच्या ६० दिवसांपेक्षा आधी तो करता येत नाही.

‘वाहन’ पोर्टलवर गाडीचा नंबर आणि चेसिस नंबरचे (गाडीच्या सांगाड्यावर कोरलेल्या नंबरचे) शेवटचे पाच आकडे टाकले की ओटीपी जातो. बहुतेकांचं पहिलं अडणं इथंच. नोंदीतला मोबाइल पंधरा वर्षांपूर्वीचा असतो, नाहीतर शोरूमवाल्याचा. तो आधी बदलून घ्या, मगच पुढचं.

सोबत मूळ आरसी, चालू विमा, चालू पीयूसी (प्रदूषण तपासणीचं प्रमाणपत्र), पत्त्याचा पुरावा, पॅन (नसल्यास नमुना ६०) आणि चेसिस नंबरचा पेन्सिल प्रिंट. ई-चलन थकलं असेल तर आधी भरा. हाय सिक्युरिटी नंबर प्लेट नसेल तर ती बसवूनच या. चारचाकीला पुढच्या-मागच्या प्लेटांशिवाय पुढच्या काचेवर आतून तिसरा, नंबराचा स्टिकर लागतो: पेट्रोल-सीएनजीला फिकट निळा, डिझेलला नारिंगी. प्लेट स्नॅप लॉकने बसते आणि लॉक एकदा तोडलं की परत लागत नाही, म्हणून बंपरचं काम काढायचं असेल तर प्लेटच्या आधी उरका.

फी: दुचाकीला १,००० रुपये, मोटारीला ५,०००. गाडी वीस वर्षांच्या वर गेली असेल तर ऑगस्ट २०२५ पासून दुचाकीला २,००० आणि मोटारीला १०,०००. पर्यावरण कर वेगळा, तोही पाच वर्षांचा, डिझेलला पेट्रोलपेक्षा जास्त. स्मार्ट कार्डाचे २०० धरून चाला.

उशिराचं शुल्क मोटारीला महिन्याला ५०० आणि दुचाकीला ३००. वाड्यात तीन वर्षं उभी राहिलेली दुचाकी काढायची म्हटली तर ३६ गुणिले ३००, म्हणजे १०,८०० नुसत्या उशिराचे. तेवढी तिची किंमत तरी येते का, ते आधी बघावं.

बँकेत कर्जाचं टेबल सांभाळलेला, नांदेड

लातूरच्या दादांनी बोजाचं (आरसीवरच्या कर्जाच्या नोंदीचं) लिहिलं नाही, ते जोडतो. आपल्या भागातल्या जुन्या आरसीवर ‘स्टेट बँक ऑफ हैदराबाद’ असा बोजा अजून दिसतो. कर्ज कधीच फिटलेलं असतं, पण नोंद उतरवलेली नसते. ती बँक १ एप्रिल २०१७ ला स्टेट बँक ऑफ इंडियात विलीन झाली, त्यामुळं नाहरकत आणि नमुना ३५ वरचे सही-शिक्के आता एसबीआयकडून घ्यायचे. जुना कर्ज खाते क्रमांक किंवा पासबुकाचं शेवटचं पान सोबत न्या. नुसत्या नावावरून जुनं खातं शोधत बसलं की दिवस जातो. नमुना ३५ च्या दोन प्रती लागतात. बोजा उतरवायचा अर्ज आधी, नूतनीकरण नंतर.

पत्रा-वेल्डिंगवाला, जालना

इंजिन गुळगुळीत चालायलंय म्हणून लोक खुशीत येतेत आणि चेसिस नंबर वाचता येत नाही म्हणून परत जातेत. बऱ्याच छोट्या मोटारींत तो इंजिनमागच्या पत्र्याच्या पडद्यावर असतो, काहींत पुढच्या सीटखाली चटईच्या आत. जीपसारख्या गाडीत सांगाड्याच्या पट्टीवर. आपल्याकडच्या काळ्या मातीचा चिखल तिथं बसला की वाळून सिमेंटासारखा घट्ट होतो आणि आतून पत्रा खातो.

नंबर साफ करायचा तर थिनर किंवा रॉकेल, मऊ पितळी ब्रश आणि सुती कापड. ग्राइंडर नाही. जाड पॉलिश पेपरसुद्धा नाही. घासलेला नंबर दिसला की निरीक्षकाला पहिली शंका खाडाखोडीची येते, आणि ती बरोबरच आहे. साफ झाल्यावर पातळ पांढरा कागद सेलोटेपनं ताणून चिकटवा आणि मऊ पेन्सिल आडवी धरून घासा. दोन-तीन प्रिंट काढून ठेवा. मग नंबरवर ग्रीसचा हात मारा, पुढच्या पाच वर्षांची सोय होते. नंबर गंजून गेलाच असेल तर आपल्या मनानं पंच मारून घेऊ नका. आरटीओकडं लेखी अर्ज द्या, ते सांगतील तसंच करा.

गंज कुठं बघावा? दरवाज्यांच्या खालच्या कडा, उंबऱ्याच्या पोकळ पट्ट्या, मागच्या चाकांच्या कमानी आणि जॅक लावायच्या जागा. उंबऱ्याला खालून पाणी निघायची बारीक भोकं असतात, ती चिखलानं बुजली की पाणी आत कोंडतं. तारेनं मोकळी करा. पत्रा लावायचा तर जुना गंजका भाग कापून काढून २० गेजचा लावा, वरून नुसती पुटी भरू नका. पेचकसाच्या मुठीनं ठोकलं की पुटीचा आवाज बद्द येतो, तपासणारा ओळखतो. वेल्डिंगच्या आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा, इंजिनचा कंट्रोलर असेल तर त्याचा जोडही.

रंग बदललेला किंवा इंजिन बदललेलं असेल तर तशी नोंद आरसीवर पाहिजे. पुढचा लोखंडी गार्ड काढूनच न्या, २०१७ च्या डिसेंबरपासून त्याला बंदी आहे.

ऑटो इलेक्ट्रिशियन, परभणी

सगळ्यात जास्त गाड्या दिव्यांवरच परत फिरतात. मेन, डिपर (खाली पडणारा उजेड), चारी इंडिकेटर, पार्किंग, दोन्ही ब्रेक लाइट, रिव्हर्स आणि नंबर प्लेटवरचा छोटा बल्ब. हा शेवटचा कुणाच्याच ध्यानात राहत नाही. होल्डर गंजतो, बल्ब बदलूनही लागत नाही. तिथं जाड वायर ओढण्यापेक्षा अर्थ (बॉडीला जोडलेली वायर) नीट करा. मागचा दिवा मंद लागतो किंवा ब्रेक दाबल्यावर इंडिकेटरही लुकलुकतो, ते शंभरात नव्वद वेळा अर्थचं दुखणं.

उन्हानं हेडलाइटची काच पिवळी पडते. बाहेरून पडली असेल तर १०००, मग २००० चा पाण्याचा पेपर आणि नंतर पॉलिश. आतला रिफ्लेक्टर काळवंडला असेल तर घासून काही होत नाही, दिवाच बदला. एच४ (एकाच बल्बात मेन-डिपर) च्या होल्डरात ६०/५५ वॅटचाच बल्ब. १००/९० टाकला की होल्डर वितळतो. बाजारातले एलईडी त्या रिफ्लेक्टरसाठी बनलेलेच नाहीत, उजेड सगळीकडं फाकतो आणि समोरचा आंधळा होतो. तपासणीपुरते तरी काढा. खरं तर कायमचेच काढा.

डिपरची उंची घरी बघता येते. सपाट जागी भिंतीपासून १० मीटरवर गाडी उभी करा, टायरांत हवा बरोबर ठेवा, चालकाच्या सीटवर माणूस बसवा. उजेडाची वरची कड दिव्याच्या मध्यापेक्षा साधारण १० सेंटिमीटर खाली पडली पाहिजे.

प्रेशर हॉर्न काढा. काळी फिल्मही. पुढच्या-मागच्या काचेतून ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून ५० टक्के उजेड आत आलाच पाहिजे. मेच्या उन्हात फिल्म का लावतात ते कळतं, पण नियम तो नियम. मागच्या काचेवर डिफॉगरच्या (काचेवरचं धुकं घालवणाऱ्या तारांच्या) रेघा असतील तर फिल्म ब्लेडनं खरवडू नका. गरम हवा मारून सावकाश सोलून काढा.

पीयूसी केंद्र चालवणारा, बीड

एप्रिल २०१० मध्ये बीएस-४ (गाडीच्या धुराचा कडक मापदंड) फक्त १३ शहरांत लागू झालं. सोलापूर त्यात होतं, मराठवाड्यातलं एकही नव्हतं. सगळीकडं ते २०१७ ला आलं. म्हणून आपल्याकडच्या त्या काळातल्या बऱ्याच गाड्या बीएस-३ आहेत आणि त्यांची पीयूसी सहा महिन्यांचीच असते. वर्षभराची समजून निवांत बसलेली माणसं ऐन तपासणीच्या दिवशी धावपळ करतात.

बीएस-३ पेट्रोल मोटारीला कार्बन मोनॉक्साइड ०.५ टक्का आणि हायड्रोकार्बन ७५० पीपीएम ही मर्यादा. आकडा वर गेला तर आधी एअर फिल्टर आणि प्लग बघा. येण्याआधी दहा-पंधरा किलोमीटर गाडी चालवा, थंड कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (सायलेन्सरच्या वाटेवरचा धूर साफ करणारा भाग) काम करत नाही. सायलेन्सर फुटका असेल तर बाहेरची हवा शिरून आकडा खोटा येतो, तो आधी झाळून घ्या.

डिझेलचं वेगळं. धुराची मर्यादा ६५ हार्ट्रिज (धुराच्या गडदपणाचं माप). ही चाचणी करताना इंजिन पूर्ण वेगापर्यंत चढवावं लागतं. टायमिंग बेल्ट कधी बदलला ते माहीत नसेल तर आधी बदला, कारण चढवताना तो तुटला की व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांवर आपटतात आणि काम हेड उघडण्यापर्यंत जातं. ऑइल डिपस्टिकच्या वरच्या खुणेपेक्षा जास्त भरू नका, त्याचाही धूर येतो.

विचारणारा, सेलू

मामा, ओम्नीला गॅस किट बसवलेलं आहे, आरसीवर नोंद नाही. चालेल का?

पीयूसी केंद्र चालवणारा, बीड

नाही भाऊ. मान्यताप्राप्त किट असेल तर फिटरचं प्रमाणपत्र जोडून इंधनबदलाची नोंद करून घ्या. घरगुती सिलिंडरवर चालवत असाल तर आजच काढा, तो विषय पासिंगच्या पलीकडचा आहे. सीएनजीची टाकी असेल तर दर तीन वर्षांनी हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाची चाचणी) लागते, टाकीवरची तारीख बघा.

ब्रेकचं काम करणारा, छत्रपती संभाजीनगर

ताशी ३० किलोमीटरवरून १३ मीटरच्या आत गाडी थांबावी, हे नियमातलं माप. गाडी एका बाजूला ओढत असेल तर एका चाकाचा सिलिंडर गळतोय किंवा कॅलिपरची पिन अडकलीय. मागचे ड्रम उघडा. आपल्याकडची धूळ आणि लायनिंगचा भुगा मिळून आत थर बसतो, हवेच्या दाबानं उडवू नका, ओल्या फडक्यानं पुसा. पुढच्या पॅडचा थर ३ मिलिमीटरखाली असेल तर बदला. ब्रेक ऑइल काळं पडलं असेल तर पूर्ण बदला, नुसती भर घालू नका. त्यात ओलावा शिरलेला असतो, घाट उतरताना ते उकळतं आणि पेडल खाली जातं.

बूस्टर (ब्रेकच्या पेडलाला जोर देणारा) तपासायचा तर इंजिन बंद ठेवून पेडल चार-पाच वेळा मारा, मग दाबून धरा आणि इंजिन सुरू करा. पेडल थोडं खाली गेलं पाहिजे. हँडब्रेक पाच ते सात खटक्यांत चढावर गाडी धरून ठेवतो का, तेही बघा.

टायरला मोटारीत किमान १.६ मिलिमीटर नक्षी हवी, दुचाकीला ०.८. पण आपल्याकडं नक्षी शिल्लक असते आणि रबर उन्हानं तडकलेलं असतं. कडेला ‘DOT’ अक्षरांच्या ओळीत शेवटी चार आकडे असतात, २३१८ म्हणजे २०१८ चा तेविसावा आठवडा.

ट्रॅक्टर मेकॅनिक, धाराशिव

मोटारीचंच चाललंय, ट्रॅक्टरचं कुणी लिहीना. शेतीच्या ट्रॅक्टरलाही पंधरा वर्षांनी हेच. नंबर ऑइल-ग्रीसच्या थराखाली असतो, आधी डिझेलनं धुवा. उजव्या-डाव्या ब्रेकची दोन पेडलं जोडणारी पट्टी हरवलेली असते. शेतात वळायला ती सोडतात आणि रस्त्यावर आल्यावर जोडत नाहीत. एकच पेडल दाबलं गेलं तर ट्रॅक्टर जागीच फिरतो. पट्टी नवी लावा आणि दोन्हीचा खेळ सारखा करा, नाहीतर जोडूनही एकीकडंच ओढेल. वायरिंग उंदरानं खाल्लेलं असतं, मडगार्डचे दिवे लागतच नाहीत. ट्रॉलीची नोंदणी वेगळी असते, तिचे कागद वेगळे काढा.

कागदपत्रांचं काम करणारा, लातूर

राहिलेलं थोडं. गाडी वारलेल्या माणसाच्या नावावर असेल तर आधी नमुना ३१ वर वारसाच्या नावे करा. बाकी वारसांची संमती लागते, आणि घोळ आरटीओत नाही, घरात होतो. एमएच १२ ची (पुण्याची) गाडी इकडं कायमची वापरत असाल तर नमुना ३३ नं पत्ता बदला, राज्यातल्या राज्यात नंबर तोच राहतो. ‘दहा वर्षांची डिझेल बंद’ हे दिल्ली परिसराचं आहे, आपल्याला लागू नाही.

पास झाल्यावर कार्ड आरसीवरच्या पत्त्यावर स्पीड पोस्टानं येतं. दार बंद असलं की परत जातं, म्हणून पोस्टमनला आधी सांगून ठेवा. तोवर डिजीलॉकरमधली आरसी चालते.