वायरलेस हेडसेटचं रेडिएशन: मीटरचा आकडा कितपत खरा धरायचा?

टिंबटिंब:
रोज सहा-सात तास कॉल असतात. दोन पर्याय आहेत, ब्लूटूथ इअरबड किंवा बेस स्टेशनवाला डेक्ट (कॉर्डलेस फोनचं रेडिओ तंत्र) हेडसेट. डेक्टच्या माहितीपत्रकात रेडिओची शक्ती २५० मिलिवॅट लिहिलंय, ब्लूटूथच्या २.५. म्हणजे डेक्ट शंभरपट वाईट का? शिवाय बडजवळ ईएमएफ मीटर (विद्युतचुंबकीय क्षेत्र मोजणारा) धरला की लाल दिवा लागतो. ‘रेडिएशन रोखणाऱ्या’ स्टिकरचा काही उपयोग?

मिलिवॅट:
२५० हा क्षणिक कमाल आकडा आहे, सरासरी नव्हे. डेक्टची एक फ्रेम (पुन्हा पुन्हा येणारं वेळेचं चक्र) १० मिलिसेकंदांची, तिचे २४ स्लॉट, म्हणजे वेळेचे तुकडे. साध्या कॉलमध्ये हेडसेट त्यातल्या एकाच स्लॉटमध्ये बोलतो, बाकी वेळ गप्प. २५० भागिले २४, म्हणजे सरासरी साधारण १० मिलिवॅट. ब्लूटूथमध्ये शक्तीनुसार वर्ग असतात: २.५ ही क्लास २ ची कमाल, क्लास १ ची १००. पण खोक्यावर ‘क्लास १’ दिसलं म्हणून दचकू नका, एवढ्याशा बॅटरीवर कानातले बड सहसा १० च्या आसपास किंवा त्याखालीच राहतात.

आता मर्यादेचं गणित. युरोपात डोक्यासाठी १० ग्रॅम ऊतींमागे सरासरी २ वॅट प्रति किलो ही एसएआरची (ऊतींत दर किलोमागे जिरणाऱ्या शक्तीची) मर्यादा आहे. ०.०१ किलो गुणिले २, म्हणजे २० मिलिवॅट. तुमच्या उपकरणाची सरासरी शक्ती याच्या आत असेल, तर ती सगळीच्या सगळी त्या १० ग्रॅममध्ये जिरली तरी मर्यादा ओलांडता येत नाही. प्रत्यक्षात बराच भाग हवेत जातो, नाहीतर फोनपर्यंत पोचलाच नसता!

अमेरिकेत मात्र १.६ वॅट प्रति किलो, तेही १ ग्रॅमवर. हाच हिशेब तिथे १.६ मिलिवॅटवर येतो, त्यामुळे ही पळवाट चालत नाही. तिथे बराच काळ वापरलेलं सूत्र असं: मिलिवॅट भागिले अंतर (मिलिमीटरमध्ये, किमान ५), गुणिले गिगाहर्ट्झचं वर्गमूळ, उत्तर ३ च्या आत आलं तर चाचणीतून सूट. २.४५ गिगाहर्ट्झला हे सुमारे ९.६ मिलिवॅट होतं. त्याहून जास्त असेल तर मोजणी दाखवावी लागते. खोक्यावरचा एफसीसी (तिथला दूरसंचार नियामक) आयडी त्यांच्या संकेतस्थळावर टाकला की शक्तीचा आकडा आणि असेल तर एसएआर अहवाल सापडतो.

अँटेना_आडवा:
मीटरबद्दल. २.४ गिगाहर्ट्झची तरंगलांबी १२.५ सेंटिमीटर. दोन सेंटिमीटरवर मीटर धरला की तो निकटक्षेत्रात (अँटेनाच्या इतक्या जवळ, की लहर अजून नीट घडलेली नसते) असतो, आणि त्याच्या आतलं रूपांतर मात्र दूरक्षेत्र (लांबवरची घडलेली लहर) गृहीत धरून केलेलं. त्यात ब्लूटूथचे स्लॉट ६२५ मायक्रोसेकंदांचे आणि मीटर सरासरी नव्हे, क्षणिक शिखर पकडून ठेवणारा. त्या पट्ट्यात शेजारचा वायफायही येतो, म्हणून लाल दिव्यावर भरवसा नको. खऱ्या एसएआर चाचणीत डोक्याच्या आकाराचं पातळ कवच असतं, त्यात ऊतींसारखा विद्युत गुणधर्म असलेला द्रव भरतात, बाहेरून उपकरण टेकवतात आणि रोबो आतल्या द्रवात प्रोब फिरवतो.

स्टिकर नकोच. बडचा अँटेना बहुधा बाहेरच्या झाकणाखाली किंवा दांड्यात असतो. त्यावर धातूचा थर आला की ट्यूनिंग बिघडतं, आवाज तुटतो, आणि शक्ती आपोआप जुळवणारं उपकरण असेल तर ते उलट जोर वाढवतं.

कानसेन:
सगळे बडकडे बघताय, फोन राहिला. ४जी फोनची कमाल शक्ती २०० मिलिवॅट. सिग्नल क्षीण असला की तो तिथवर जातो. हेडसेट लावून फोन खिशात ठेवला तर डोक्याची सुटका, मांडीची नाही. टेबलावर ठेवा. आयएआरसीने (जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संशोधन संस्था) २०११ मध्ये रेडिओ लहरींना २बी, म्हणजे ‘कदाचित कर्करोगकारक’ गटात टाकलं, तेही मुख्यतः कानाला लावलेल्या फोनच्या मर्यादित पुराव्यावर. पेसमेकर असेल तर लहरींपेक्षा चार्जिंग डबीतल्या चुंबकाची काळजी घ्या: छातीच्या खिशात नको, १५ सेंटिमीटर लांब. आणि आवाजाची मर्यादा: ८० डेसिबलला आठवड्याला ४० तास, पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मी.

टिंबटिंब:
मग बड गरम लागतो तो कशाने?

मिलिवॅट:
१० मिलिवॅटने गरमपणा जाणवणार नाही. बंद कानातली उष्णता आणि आतल्या चिपची, एवढंच. पण चार्ज होताना चटका बसला किंवा कवचाचा सांधा उघडलेला दिसला, तर तो बॅटरीचा दोष. तो बड पुन्हा डबीत ठेवू नका.