एकक वर्तुळ : हीर-दोरा घेऊन शिकवायचं की तक्ता पाठ करून घ्यायचा?

खानापूरचा_मास्तर
आमच्याकडची मराठी माध्यमाची पोरं एसएसएलसी (कर्नाटकातली दहावी) करून पीयू (अकरावी-बारावी) सायन्सला जातात. दहावीत त्रिकोणमिती काटकोन त्रिकोणापुरती, कोन ९० च्या आत. पीयू फर्स्ट इयरला माध्यम इंग्रजी होतं आणि तिसऱ्याच धड्यात कोस १२० समोर येतो. १२० अंशाचा कोन काटकोन त्रिकोणात बसवायचा कुठं, हा प्रश्न पोर मनातच गिळतं.

म्हणून माझं म्हणणं, या टप्प्यावर वर्तुळ हातानं करायलाच हवं. आलेख कागदावर १० सेंमी त्रिज्येचं वर्तुळ (हे १० सेंमी म्हणजेच आपलं एक एकक), कोनमापक आणि झाडूचे हीर. ३० अंशाच्या बिंदूपासून आडव्या अक्षापर्यंत हीर उभा धरून तोडला की ५ सेंमी भरतो, म्हणजे साइन अर्धा. ६० ला ८.७ च्या किंचित आत. १२० ला उंची तीच, पण बिंदू मध्याच्या डावीकडे ५ वर. हे आडवं अंतर म्हणजे कोस. उणे अर्धा तिथं बोट ठेवून दाखवता येतो. मग हेच हीर कोनांच्या क्रमानं एका रेषेवर सारख्या अंतरानं चिकटवले की टोकांची लाट दिसते. सहकारी म्हणतात पोरखेळ आहे. तुम्ही काय म्हणता?

टिळकवाडी_क्लासवाला
राग मानू नका सर, पण कर्नाटक सीईटीत गणिताचे ६० प्रश्न आणि ८० मिनिटं असतात. तिथं हीर तोडत कोण बसणार? शून्य ते चारची वर्गमुळं, भागिले दोन : ०, ३०, ४५, ६०, ९० चा साइन झाला. उलटा वाचला की कोस. चिन्हांसाठी चरणांच्या (दोन अक्षांनी पडणाऱ्या चार भागांच्या) क्रमानं 'ऑल, साइन, टॅन, कोस', म्हणजे कुठं कोण धन. एका तासात खेळ खलास.

निपाणीची_गणितवाली
तासात खलास, आणि आठवड्यात साफ. 'ऑल-साइन-टॅन-कोस' घोकलेल्या पोराला विचारा, दुसऱ्या चरणात साइनच धन का? आढ्याकडं बघत बसतं. उंची अक्षाच्या वर आहे म्हणून धन, एवढंच उत्तर आहे. घोकंपट्टीला माझा विरोध नाही, ती नंतर करा की.

टिळकवाडी_क्लासवाला
मॅडम, एका वर्गात साठ पोरं. हीर तोडणारे चार, बाकीचे एकमेकांना टोचणारे. त्यापेक्षा जिओजेब्रा या सॉफ्टवेअरवर बिंदू फिरवून दाखवा, फुकट आहे.

खानापूरचा_मास्तर
पडद्यावर बिंदू तुम्ही फिरवणार, पोरं सिनेमा बघणार. आणि रेडियनचं काय? पुठ्ठ्याच्या चकतीला त्रिज्येएवढे दोऱ्याचे तुकडे कडेनं लावत जा, एका तुकड्याचा मध्याशी होणारा कोन म्हणजे एक रेडियन. सहा बसतात आणि थोडी फट राहते. १० सेंमी त्रिज्येला ती फट २.८ सेंमी. 'दोन पाय (२π) रेडियन म्हणजे ३६० अंश' हे फळ्यावर लिहिलेलं पोरं मुकाट उतरवून घेतात; पण ही फट राहिली की भांडतात. 'सर, माझा दोरा कमी पडला!' इंग्रजीच्या धाकानं तोंड न उघडणारी पोरंसुद्धा. मला तेवढं भांडण पुरे आहे.

उचगावचा_पालक
माझ्या मुलीच्या कॉलेजात कागदी थाळीवर वर्तुळ करायला लावलं. तिनं रात्री जागून चमकी लावली, सोळा बिंदूंवरच्या किमती पुस्तकातून उतरवल्या, पूर्ण मार्क मिळाले. मोजलं काहीच नाही. असल्या उपक्रमाला माझा ठाम विरोध.

निपाणीची_गणितवाली
तुमच्याशी शंभर टक्के सहमत. ते हस्तकला झालं. किंमत आधी मोजायची, पुस्तक नंतर उघडायचं. हा क्रम उलटला तर मग क्लासवाले सरच बरोबर.

टिळकवाडी_क्लासवाला
वा, एवढं तरी मान्य केलंत! आता सांगा, टॅनचा हीर कुठं? साइन उभा, कोस आडवा, टॅन वर्तुळात दिसतच नाही. तिथं तुम्हाला सूत्रावरच यावं लागणार.

खानापूरचा_मास्तर
दिसतो की. वर्तुळाच्या उजव्या टोकाला स्पर्श करणारी उभी रेष काढा. कोनाची रेष वाढवली की ती उभीला कापते. अक्षापासून तेवढी उंची म्हणजे टॅन. ४५ ला १० सेंमी, ६० ला १७.३, ८० ला ५६.७ म्हणजे कागदाबाहेर. ९० ला दोन्ही रेषा समांतर, गाठ पडतच नाही. १२० ला रेष मागं वाढवा, खाली उणे १७.३ वर कापते.

टिळकवाडी_क्लासवाला
हे टॅनचं चांगलं आहे, फळ्यावर मीही काढीन. हीर मात्र नाही. आणि पोरांच्या कंपासपेटीतली पट्टी १५ सेंमीची असते सर, ६० लाच अडकाल.

निपाणीची_गणितवाली
टॅनला त्रिज्या ५ घ्या. ६० ला ८.७ येतं, पट्टी पुरते.